मामाजी नेमके कोणत्या गाण्याला उठले?

पत्र (थोडं कमी करून):

“यंदा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात दोन मुलांचा विनोदी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. एक पेटी वाजवत गातो, दुसरा ढोलकी वाजवता वाजवता मध्ये तोंड घालतो. सुरेश भटांच्या एका गझलेच्या चालीवर रस्त्यातल्या खड्ड्यांचं गाणं, नाट्यगीतासारख्या ताना घेत बँकेच्या फोनवरचं ‘एक दाबा, दोन दाबा’, अभंगाच्या चालीवर महाप्रसादाच्या रांगेत दोनदा उभे राहणारे, आणि शेवटी गावाकडचा पाहुणा पहिल्यांदा मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर चढतो, ते. अर्धी कॉलनी पोट धरून हसली, अर्धी अजून रागात आहे. अध्यक्ष म्हणतात, अभंगाची विटंबना झाली, तीही गणपतीपुढे. मागच्या खुर्च्यांवरचे म्हणतात, नुसता गोंधळ होता. मुलगी म्हणते, तुम्हा लोकांना ह्यूमरच कळत नाही. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, ८१ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे शाळेत मास्तर होते. शेवटचं गाणं चालू असताना ते खुर्ची सरकवून उठले, आणि तेव्हापासून या विषयावर एक अक्षर बोललेले नाहीत. सांस्कृतिक समिती माझ्याकडे आहे. कोजागरीला याच मुलांना बोलवायचं आधीच ठरलं होतं, आता अध्यक्ष मतदान घ्या म्हणतात. खरं सांगू? मी खूप हसले. त्या पाहुण्यालासुद्धा. मामाजी उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. काय करू?”
– समितीवाली, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई,

मतदान घेऊ नका. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी काम होईल. पार्किंग, पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती यांवर मत घेता येतं. कोणी हसलं हे बहुमताने रद्द होत नाही, आणि कोणाला लागलं हेही होत नाही. मतदान ठेवलंत की ज्यांना आजवर काहीच वाटलं नव्हतं, त्यांनाही हात वर करण्यापुरतं काहीतरी वाटून घ्यावं लागेल. मग त्या हाताची बाजू वर्षभर सांभाळत बसतील.

तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहून गेलात आणि माझ्या मते सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे. कॉलनी भांडते आहे अभंगावरून. मामाजी मात्र अभंगाला उठलेले नाहीत. खड्डे ऐकले, बँक ऐकली, महाप्रसादाची रांग ऐकली, तोवर खुर्चीतच होते. उठले ते सरकत्या जिन्यावरच्या पाहुण्याला. म्हणजे तुमच्याकडे भांडणं दोन आहेत, आणि ज्याचा आवाज मोठा आहे ते त्यातलं लहान आहे.

लहान आधी उरकू. संत एकनाथांची भारूडं लोकांना हसवत हसवत कान उपटण्यासाठीच होती. विंचू चावल्याचं सोंग आणणारा भारूडकार देवळात, टाळ-मृदंगाच्या साथीत ओरडतो, लोळतो, लोक हसतात, आणि शेवटी तो विंचू म्हणजे काम-क्रोध निघतो. आपल्या नागपुरात तर थट्टेचा हंगामच या दिवसांत असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे थट्टेचे आणखी पुतळे. त्यांच्यावर पुढाऱ्यांची, महागाईची, वर्षभरात जे जे सोसलं त्याची टर उडवलेली असते. मग गणपती. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्षात महाल भागात भोसल्यांच्या वाड्यात हाडपक्या गणपती बसतो. त्यालाच आपण मस्कऱ्या गणपती म्हणतो, आणि त्याच्यापुढे लावणी, खडी गंमत (आपल्याकडचा तमाशासारखा प्रकार), नकला करायची रीत भोसल्यांच्या राजवटीपासूनची आहे. गणपतीपुढे थट्टा चालत नाही, असं एखादा नागपूरकर म्हणतो तेव्हा मला तरी मोठी गंमत वाटते.

पण हे सगळं बैठकीत सुनावायला जाऊ नका. अध्यक्ष म्हणतील, “नाथांची गोष्ट वेगळी,” आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. नाथ आतले होते. घरातला माणूस देवाशी जी सलगी करतो ती पाहुण्या कलाकाराने केलेली खपेलच असं नाही. शिवाय अभंगाची एखादी चाल कोणी आपल्या माणसाच्या शेवटच्या दिवशी ऐकलेली असते. त्या चालीवर लाडू आणि पत्रावळी आल्या की त्याच्या पोटात कालवणारच, त्याला इलाज नाही. तेव्हा वाद न घालता त्यांना एवढंच विचारा, “भाऊ, त्या गाण्यात हसू कोणाचं झालं?” विठ्ठलाचं नाही, वारकऱ्याचं नाही. रांगेत दोनदा उभं राहणाऱ्याचं झालं. (तो अध्यक्षांच्या ओळखीचा निघाला तर मात्र मी काही करू शकत नाही.) आणि कोजागरीला समोर गणपती नसतो, त्यामुळे त्यांच्या आक्षेपाचा निम्मा भाग आपोआप गळतो. उरलेल्या निम्म्यासाठी ते एक गाणं त्या रात्री नको म्हणून सांगा. त्या मुलांकडे गाणी काही कमी नसतील.

मागच्या खुर्च्यांवरच्यांचं म्हणणं तुम्ही अर्ध्या ओळीत संपवलंत, आणि मला वाटतं तुमची निम्मी नाराज कॉलनी तिथेच बसलेली होती. “नुसता गोंधळ” म्हणणारी माणसं बहुतेक खरं बोलत आहेत. त्यांना गोंधळच ऐकू आला असणार.

बघा, तुमच्या मंडपात लावलेला आवाज आरतीच्या हिशेबाचा असतो. आरती सगळ्यांना तोंडपाठ. कर्णा कितीही फाटका असला तरी माणूस शब्द मनातून भरून घेतो. विनोदी गाण्यात उलटं असतं. चाल सगळ्यांना पाठ आणि शब्द मात्र एकूण एक नवा. ढोलकी आणि पेटी जरा वर गेली की चाल शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचते, शब्द चौथ्या रांगेत बसतात. मग मागच्या माणसाच्या वाट्याला काय येतं? ओळखीची, कदाचित पूज्य अशी चाल, दोन पोरांचे वेडेवाकडे चेहरे, आणि पुढच्या रांगांमधलं खिदळणं. अशा वेळी हे काहीतरी वाह्यात चाललंय, असं वाटायला फार वेळ लागत नाही. मला वाटतं, यांतल्या बऱ्याच जणांचं त्या मुलांशी काही वैर नाही. त्यांना विनोद ऐकूच आला नाही, आणि आता बाजू घ्यायची वेळ आली म्हणून त्यांनी एक बाजू घेतली.

खड्ड्यांच्या गाण्याला गझलेची चाल त्या मुलांनी उगाच घेतलेली नाही, त्यावरून त्यांना काम कळतं असं दिसतं. गझलेत प्रत्येक शेराच्या, म्हणजे दोन ओळींच्या, शेवटी तोच रदीफ येतो, म्हणजे तेच शब्द, आणि त्याच्या आधी काफिया, म्हणजे यमक. गाडी कुठे येऊन थांबणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, या खेपेला ती कुठल्या वळणाने येणार ते ठाऊक नसतं. गंभीर गझलेत त्या जागी दाद मिळते आणि हझलेत, म्हणजे विनोदी गझलेत, त्याच जागी हशा. आपल्याकडे हझल लिहिणारे आहेत, मुशायऱ्यात ऐकवणारे आहेत, त्यात कोणाचा अपमान होत नाही. पण शेराची पहिली ओळ ऐकू आली नाही तर दुसरी फुकट जाते. आणि हशा आला की पेटीवाल्याने मुखडाच घोळवत राहायला हवं, हसू ओसरेपर्यंत. नवखा माणूस उत्साहाने पुढच्या ओळीत शिरतो आणि ती ओळ हशात बुडून जाते. तुमची मुलं काय करत होती ते तुम्ही आठवून पाहा. पहिल्या रांगेत होतात ना?

आता मामाजी.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावते, जिन्यावरचा तो पाहुणा वऱ्हाडीत बोलत होता. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, आणि पाय घसरला की ‘बाप्पा बाप्पा’. दारव्ह्याकडच्या मास्तरांनी हे आयुष्यभर ऐकलेलं असणार. आपल्या सिनेमा-मालिकांमध्ये गडी, शिपाई, बावळट मामा यांच्या तोंडी ही बोली द्यायची खोड जुनी आहे. डॉक्टर वऱ्हाडीत तपासत नाही, प्राध्यापक वऱ्हाडीत शिकवत नाही, नायक तर वऱ्हाडीत प्रेमात पडतच नाही. प्रत्यक्षात यवतमाळ-अकोल्याकडे हे तिन्ही सर्रास घडतं. आणि शाळामास्तराची गोष्ट आणखी अवघड. वर्गात पोरांना “मले नाही, मला म्हण” असं शिकवायचं, तोच माणूस घरी गेला की आईजवळ “मले भूक लागली” म्हणणार. ही रोजची कसरत करत ज्याने नोकरी काढली, त्याच्यासमोर ती बोली पायरीवरून घसरून पडते, ढोलकीवाला धप्पकन थाप देतो, आणि सगळी कॉलनी हसते. सून पहिल्या रांगेत.

तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही का हसलात तेही मला दिसतं. तुमच्या मंडपातली निम्मी घरं एका पिढीमागे गावाहून आलेली असतील. पहिल्यांदा सरकत्या जिन्यापुढे उभं राहून पाऊल उचलायचं की नाही, मागचे लोक ढकलताहेत, साडी-धोतर सांभाळायचं की पिशवी, हे प्रत्येकाच्या घरात कोणीतरी केलेलं आहे. ओळख पटली की हसू येतं, त्यात तुच्छता नसते. त्याची लाज बाळगू नका. अडचण एवढीच की ‘हा तर आपला काका’ याचं हसू आणि ‘बरं झालं, आपण आता तसे राहिलो नाही’ याचं हसू एकाच तोंडातून, एकाच वेळी निघू शकतं. तुम्हाला त्यातलं पहिलं जाणवत होतं. शेजारच्या खुर्चीवर दुसरं ऐकू आलं.

म्हणून काय वऱ्हाडीत हसवायचंच नाही? छे. वऱ्हाडीत हसवणारा सगळ्यांत मोठा माणूस आपल्याच मुलखातला. गाडगेबाबा, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन. ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ असा गजर चढवायचा आणि मग थेट समोरच्यांना प्रश्न. लोक भाबडेपणाने उत्तर द्यायचे, बाबा आणखी एक साधासा प्रश्न टाकायचे, आणि दोन-चार प्रश्नांत सगळी गर्दी आपल्याच उत्तरात सापडायची. कर्ज काढून केलेला थाट, नवसाला कापलेलं बोकड, पाळलेली शिवाशिव. मंडळी पोट धरून हसायची, आणि हसायची ती स्वतःला. गाणं होतं, ताल होता, अस्सल वऱ्हाडी होती, टिंगल तर पोटभर होती. पण त्या हजारोंच्या गर्दीत सगळ्यांत शहाणा कोण, तर वऱ्हाडी बोलणारा तो एकटा. तमाशातला सोंगाड्या तरी दुसरं काय करतो? वेड्याचं सोंग घेतो आणि राजाला निरुत्तर करून जातो. तुमच्या त्या पाहुण्याला शेवटपर्यंत काही करताच येत नाही. तो नुसता पडतो, पुन्हा पडतो, मग गाणं संपतं. माझ्या मते गाणं वाईट नाही, अर्धवट आहे. सोंग आणलं आणि सोंगाड्याला त्याची पाळीच दिली नाही.

हे त्या मुलांना सांगता येतं. यादी पाठवू नका, ‘समितीच्या सूचना’ म्हणून पत्र तर नकोच. फोन करून एकच सांगा, की पाहुण्याला शेवटचा शब्द द्या. कसा द्यायचा तो त्यांचा प्रश्न, त्यांची कला. पण मला तर तो पाहुणा वर पोचल्यावर मागे वळून “पायऱ्या चालून राह्यल्या नं माणसं उभी हायेत, बाप्पा, या शहरात कोण कोणाले नेऊन राह्यलं?” असं विचारताना दिसतो. त्यांना हे पटलं तर छान. नाही पटलं, तर त्या रात्रीपुरतं ते गाणं वगळा म्हणा. तेही मान्य नसेल तर नमस्कार करून दुसरा कार्यक्रम शोधा. आपल्या अंगणात काय वाजावं हे ठरवायचा यजमानाला हक्क असतो आणि आपण काय गावं हे ठरवायचा कलाकाराला. यात कोणी कोणाची गळचेपी करत नाही. त्यांना ठरलेली बिदागी मात्र कापू नका. गाणं बदलायला सांगायचं आणि पैसेही कमी द्यायचे, हा प्रकार मी कॉलन्यांमध्ये फार पाहते.

मामाजींकडे माफी मागायला जाऊ नका. विनोद समजावून सांगायला तर मुळीच नाही. आणि मुलीला जरा आवरा. ह्यूमर कळत नाही म्हणे! त्या मंडपात ते गाणं सगळ्यांत जास्त कोणाला कळलं असेल तर तिच्या आजोबांना. दुपारचा चहा देताना, घरात दुसरं कोणी नसताना, एवढंच विचारा, “मामाजी, तो जिन्यावरचा पाहुणा खटकला ना तुम्हाला?” आणि मग गप्प बसा. मधे ‘पण’ घालू नका, ‘मुलं लहान आहेत’ नको, ‘मलाही नाही आवडलं’ तर नकोच, कारण ते खोटं आहे आणि त्यांनी तुम्हाला हसताना पाहिलंय. “मी हसले, पण तुम्ही उठल्यावर विचारात पडले,” हे म्हणू शकता, तेवढं खरं आहे. ते म्हणाले, “अगं, कंबर दुखत होती,” तर तसं असेल. पण इतके दिवस त्या विषयावर गप्प राहणाऱ्या माणसाची कंबर दुखत नसते.

जमलं तर आणखी एक करून पाहा. त्या दोघांना कोजागरीच्या आधी एकदा घरी चहाला बोलवा, आणि मामाजींनाही तिथे बसू द्या. स्टेजवरची वऱ्हाडी बहुधा खिचडी असते. यवतमाळची एक ओळ, दोन शब्द नागपूरचे, मधेच भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीचा हेल, आणि वर सिनेमातून उचललेलं काहीतरी. मामाजींना गाण्याच्या आशयापेक्षा त्याचाच जास्त राग आला असेल तर मला नवल वाटणार नाही. त्यांनी त्या पोरांची वऱ्हाडी तपासायला घेतली तर मध्ये पडू नका. लाल शाईचं पेन हाताशी ठेवा.

उरली कोजागरी. लाउडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी आहे. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत देतं. कोजागरी त्या यादीत आहे का, हे जवळच्या पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. चंद्राची वाट पाहत कार्यक्रम उशिरा लावू नका, आठलाच सुरू करा. दूध आटवायची शेगडी खुर्च्यांपासून लांब मांडा, तिच्या फरफरीत शब्द हरवतात. पोरं जिथे धावतात ती बाजू स्टेजसमोर येऊ देऊ नका. खुर्च्या लांबच लांब रांगांत न लावता अर्धगोलात लावा, म्हणजे मागे अशी जागाच कमी उरेल. गाणाऱ्याचा माईक वर, ढोलकी खाली, आणि तुम्ही स्वतः शेवटच्या खुर्चीवर बसून संध्याकाळी एकदा ऐका. शब्द कळला नाही तर साउंडवाल्याला तिथूनच ओरडून सांगा.

अध्यक्षांना त्या रात्रीचं सूत्रसंचालन द्या. त्यांना ते आवडेल, आणि ते कामात राहतील. फक्त मुलांच्या ॲडव्हान्सच्या कागदावर त्यांची सही आधी घ्या.